राऊटरचे दोन पासवर्ड, आणि त्यातला कोणी न बदललेला एक

जानेवारी २०२४ मधे अमेरिकेच्या न्याय खात्याने जाहीर केलं की तिथल्या घरांमधले आणि छोट्या ऑफिसांमधले शेकडो राऊटर परस्पर दुसऱ्याच लोकांच्या ताब्यात गेले होते आणि कोर्टाची परवानगी घेऊन ते साफ करावे लागले. 'व्होल्ट टायफून' नावाने ओळखला जाणारा एक गट या राऊटरच्या आडून वीज, पाणी, दळणवळण अशा यंत्रणांवर नजर ठेवून होता. त्यातले बहुतेक राऊटर जुने होते, कंपनीने त्यांना अपडेट देणं कधीच थांबवलं होतं. मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही वाटते की ज्यांच्या घरात ते होते त्यांना काही कळलंच नाही, कारण नेट चालू होतं, व्हिडिओ दिसत होते, दिवे लुकलुकत होते, तक्रार करावी असं काहीच घडत नव्हतं.

फोनला व्हायरस आला तर फोन स्लो होतो, चित्रविचित्र जाहिराती येतात, आपल्याला शंका तरी येते. राऊटरला स्क्रीनच नाही. तो बिघडला तरी बोलत नाही, म्हणून त्याच्याकडे आपण आधीच लक्ष द्यायला हवं. काम फार मोठं नाही, निवांत बसलं तर एका संध्याकाळी होतं, फक्त कुठली सेटिंग कशासाठी आहे हे समजून केलं पाहिजे.

मुळात राऊटर म्हणजे काय

राऊटर हा एक छोटा कंप्युटर आहे. त्यात प्रोसेसर आहे, मेमरी आहे, ऑपरेटिंग सिस्टिम आहे (बऱ्याच राऊटरमधे लिनक्सच असते). त्याची एक बाजू इंटरनेटकडे आणि दुसरी तुमच्या घराकडे. नेट कंपनी तुम्हाला साधारणपणे एकच पत्ता देते, ज्याला आयपी ॲड्रेस म्हणतात, आणि घरातले फोन, लॅपटॉप, टीव्ही, कॅमेरे सगळे त्या एका पत्त्यावरून बाहेर जातात. आत मात्र राऊटर प्रत्येकाला वेगळा खाजगी पत्ता देतो, बहुतेक वेळा १९२.१६८ ने सुरू होणारा. हे पत्ते खाजगी वापरासाठीच राखून ठेवलेले आहेत, त्यामुळे जगातल्या कोट्यवधी घरांमधे तेच ते पत्ते असले तरी काही बिघडत नाही.

याचा एक आपोआप मिळणारा फायदा असा की बाहेरून कोणी न बोलावता आलं तर राऊटरला कळतच नाही की याला आतल्या कुठल्या डिव्हाइसकडे पाठवायचं, म्हणून तो ते सोडून देतो. म्हणजे तुमचा लॅपटॉप थेट इंटरनेटवर उघडा पडलेला नसतो, मधे राऊटर उभा असतो. पण मग सगळा भार त्या राऊटरवरच येतो ना. शिवाय नवीन पद्धतीचे आयपीव्ही६ पत्ते असतील तर प्रत्येक डिव्हाइसला स्वतःचा जाहीर पत्ता मिळू शकतो आणि तिथे ही आपोआपची आड नसते, तिथे राऊटरमधली फायरवॉल, म्हणजे बाहेरून न बोलावता येणारं अडवणारी सोय, चालू आहे का हे बघावंच लागतं.

दोन पासवर्ड

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कित्येकांना आपल्या राऊटरला दोन वेगवेगळे पासवर्ड आहेत हेच माहीत नसतं. एक वायफायचा, जो आपण पाहुण्यांना सांगतो. दुसरा ॲडमिन पासवर्ड, ज्याने राऊटरच्या सेटिंग उघडतात. वायफायचा पासवर्ड म्हणजे घराच्या दाराची किल्ली आणि ॲडमिन पासवर्ड म्हणजे कुलूपच बदलायचा अधिकार, असं समजा. आपण किल्ली जपतो आणि कुलूप बदलायचा अधिकार मात्र स्टिकरवर छापलेला तसाच सोडून देतो.

सेटिंग उघडायच्या कशा? फोन किंवा लॅपटॉप घरच्या वायफायला जोडलेला असताना ब्राउझरमधे राऊटरचा पत्ता टाकायचा. तो राऊटरच्या पाठीमागच्या स्टिकरवर असतो, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. नसेल तर फोनच्या वायफाय सेटिंगमधे आपल्या नेटवर्कच्या तपशिलात गेटवे किंवा राऊटर असं लिहिलेल्या ठिकाणी सापडतो. हे पान उघडताना ब्राउझर कधीकधी 'सुरक्षित नाही' अशी ताकीद देतो आणि लोक घाबरून तिथूनच परत फिरतात. स्वतःच्या घरात, स्वतःच्या वायफायवर, स्टिकरवरचाच पत्ता टाकलाय याची खात्री असेल तर पुढे जायला हरकत नाही, कारण घरातल्या राऊटरकडे मोठ्या वेबसाइटसारखं अधिकृत प्रमाणपत्र सहसा नसतंच. बाहेरच्या कुठल्याही वेबसाइटवर मात्र ही ताकीद दिसली तर मुकाट्याने थांबायचं. आता बऱ्याच कंपन्या ॲपही देतात, त्यातूनही हे सगळं करता येतं.

आत गेल्यावर पहिलं काम म्हणजे हा ॲडमिन पासवर्ड बदलणं. बऱ्याच जुन्या राऊटरना युजरनेम 'ॲडमिन' आणि पासवर्डही 'ॲडमिन' असंच असतं आणि कुठल्या मॉडेलला काय हे इंटरनेटवर कोणालाही सापडतं. २०१६ साली 'मिराई' नावाच्या व्हायरसने नेमका याचाच फायदा घेतला. त्याच्याकडे कंपनीतून येणाऱ्या युजरनेम-पासवर्डच्या साठेक जोड्यांची यादी होती, बस. तेवढ्या यादीवर त्याने लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राऊटर ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबर २०१६ ला त्या सगळ्यांनी मिळून 'डाइन' या, मोठमोठ्या साइटचे पत्ते सांगायचं काम करणाऱ्या कंपनीवर इतका ट्रॅफिक सोडला की ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येकांना तासन्‌तास उघडेनात.

पण ॲडमिनचं पान तर घरातूनच उघडतं ना?

हा प्रश्न बरोबर आहे, आणि बाहेरून सेटिंग उघडण्याची सोय, म्हणजे रिमोट मॅनेजमेंट, बंद असेल तर बाहेरचा माणूस थेट तिथे पोचत नाही. (ती बंदच आहे ना हे एकदा डोळ्यांनी बघून घ्या.) पण घरातल्या एखाद्या कंप्युटरमधे व्हायरस शिरला तर तो आतच आहे. आणि व्हायरससुद्धा लागत नाही, एखादं लबाड वेबपेज तुमच्या ब्राउझरकरवी गुपचूप राऊटरच्या पत्त्यावर आज्ञा पाठवू शकतं, आणि पासवर्ड कंपनीचाच असेल, राऊटर जुना असेल, तर तो ती मानतोही.

मग आत शिरणारे बदलतात काय? सगळ्यात आवडती सेटिंग म्हणजे डीएनएस. आपण वेबसाइटचं नाव टाइप करतो पण कंप्युटरला त्या साइटचा आकड्यांचा पत्ता लागतो, तो पत्ता सांगणारी सेवा म्हणजे डीएनएस. घरातले सगळे फोन-लॅपटॉप ही चौकशी कुठे करायची ते राऊटरला विचारतात. राऊटरमधला डीएनएस बदलून स्वतःच्या सर्व्हरचा घातला की घरातला प्रत्येक डिव्हाइस चुकीच्या ठिकाणी पत्ता विचारायला लागतो, आणि कुठल्याच डिव्हाइसमधे व्हायरस सापडत नाही कारण तिथे तो नसतोच. 'डीएनएस चेंजर' नावाचा व्हायरस पसरवणाऱ्या टोळीने हेच केलं, १०० हून जास्त देशांमधे सुमारे ४० लाख कंप्युटर त्यात सापडले आणि जे राऊटर कंपनीच्या पासवर्डवर होते त्यांचीही सेटिंग तो व्हायरस बदलत होता. नोव्हेंबर २०११ मधे एफबीआयने टोळी पकडली, पण ते खोटे सर्व्हर लगेच बंद करता आले नाहीत, केले असते तर त्या सगळ्या लोकांचं नेटच बंद पडलं असतं, म्हणून त्यांच्या जागी चांगले सर्व्हर लावून ते ९ जुलै २०१२ पर्यंत चालवत ठेवावे लागले.

आता वायफायचा पासवर्ड

वायफाय हवेतून जातं, त्यामुळे जवळपास बसलेला कोणीही ते सिग्नल पकडू शकतो. त्याला त्यातलं काही वाचता येऊ नये म्हणून ते गुप्त लिपीत बदलून पाठवतात, त्याला एनक्रिप्शन म्हणतात. सेटिंगमधे त्याचे बरेच पर्याय दिसतात आणि तिथेच लोक अडखळतात, पण निवड सोपी आहे. डब्ल्यूईपी १९९७ चं, २००१ मधे फ्लूरर, मांटिन आणि शमीर या तिघांनी त्यातली मूळ खोट दाखवली आणि २००७ पर्यंत ते मिनिटभरात फोडता यायला लागलं, त्यामुळे ते असून नसल्यासारखं. त्यानंतर आलेलं नुसतं डब्ल्यूपीए ही तात्पुरती डागडुजी होती. डब्ल्यूपीए२ हे २००४ चं, आजही चालण्यासारखं, पण एईएस लिहिलेलं निवडायचं, टीकेआयपी नाही. आणि डब्ल्यूपीए३ हे २०१८ चं, मिळत असेल तर हेच.

डब्ल्यूपीए२ मधे एक गोष्ट लक्षात ठेवायची. फोन राऊटरला जोडला जातो तेव्हा दोघांमधे चार छोटे निरोप जातात. त्यात पासवर्ड नसतो, पण ते निरोप कोणी रेकॉर्ड केले तर 'पासवर्ड अमुक असेल का' हा प्रत्येक अंदाज त्यांच्याशी ताडून बघता येतो. हे काम तो घरी जाऊन, तुमच्या राऊटरपासून लांब, पाहिजे तितका वेळ करू शकतो आणि तुम्हाला काही पत्ता लागत नाही. निरोप रेकॉर्ड करायला वाटही बघावी लागत नाही, कारण तुमच्या फोनला क्षणभर नेटवर्कवरून ढकलून दिलं की तो स्वतःहून परत जोडला जातो आणि निरोप पुन्हा जातात.

म्हणून पासवर्डची लांबी. गेमिंगसाठी विकलं जाणारं चांगलं ग्राफिक्स कार्ड असे अंदाज सेकंदाला लाखोंनी तपासतं. सेकंदाला ५ लाख धरू. ८ आकडी पासवर्ड, जसा जन्मतारखेचा ठेवतात, त्याच्या एकूण शक्यता १० कोटी, म्हणजे सगळ्या तपासायला साडेतीन मिनिटंही लागत नाहीत. आणि तारीखच असणार हे माहीत असेल तर तेवढीही नाहीत. १० आकडी मोबाईल नंबर, जो असंख्य घरांमधे वायफायचा पासवर्ड असतो, त्याच्या सगळ्या शक्यता साडेपाच तासांत संपतात. याउलट ८ हजार शब्दांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून काढावेत तसे एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घेतले तर त्याच वेगाने सगळ्या शक्यता संपायला अडीचशे वर्षं लागतात.

पासवर्ड रोमन अक्षरांतच द्यावा लागतो, ८ ते ६३ अक्षरांचा. मराठी शब्द रोमनमधे लिहायला काहीच हरकत नाही, 'खिडकी', 'गलबत', 'तेरावा', 'मुंगूस' असं काहीतरी, पण शब्द खरोखर कसेही उचललेले हवेत. ओवीची ओळ, गाण्याचा मुखडा, देवाचं नाव आणि पुढे १२३, किंवा घरच्यांची नावं नकोत, कारण अंदाज करणारा सुरुवात तिथूनच करतो. आणि हे चार शब्द मी इथे लिहिलेत म्हणजे तेही नकोतच. ॲट आणि डॉलरची चिन्हं घुसवून अवघड केलेल्या आठ अक्षरांपेक्षा असे लांब साधे शब्द चांगले, सांगायला सोपे, टीव्हीच्या रिमोटने टाइप करायला सोपे.

डब्ल्यूपीए३ मधे हा घरी बसून अंदाज करायचा मार्गच बंद केलाय, प्रत्येक अंदाजाला राऊटरशी नव्याने बोलावं लागतं. पण जुने डिव्हाइस चालावेत म्हणून आपण बहुतेक जण डब्ल्यूपीए२ आणि ३ एकत्र असलेला पर्याय ठेवतो, आणि त्यात जुना डिव्हाइस २ नेच जोडला जातो, म्हणजे लांब पासवर्डची गरज तशीच राहते.

बटण दाबून जोडायची सोय

पासवर्ड न टाकता डिव्हाइस जोडायची डब्ल्यूपीएस नावाची सोय असते. त्यात बटणाची पद्धत आहे तशी ८ आकडी पिनचीही आहे. शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो, आणि राऊटर पिनचे दोन तुकडे वेगवेगळे तपासतो, पहिला तुकडा बरोबर आला की तसं सांगतो. त्यामुळे कोटींच्या जागी शक्यता उरतात फक्त ११,०००. हे २०११ च्या डिसेंबरमधे श्टेफान फीबॉक यांनी उघड केलं. तुमचा वायफायचा पासवर्ड कितीही लांब असो, पिन सापडला की राऊटर तो पासवर्ड स्वतःच देऊन टाकतो. बंद करा हे. निदान पिन तरी नक्की.

नाव लपवलं की सुरक्षित, असं म्हणतात

म्हणतात खरं, पण तसं नाही, आणि हा सल्ला अजूनही ठिकठिकाणी दिला जातो याचं मला वाईट वाटतं. नेटवर्कचं नाव लपवलं तरी कोणी डिव्हाइस जोडला जाताना ते नाव हवेतून जातंच, फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने ते दिसतं. उलट तुमचा फोन बाहेर गेल्यावर 'अमुक नावाचं नेटवर्क इथे आहे का' असं पुकारत फिरतो, म्हणजे घरात झाकलेलं नाव रस्ताभर उघड. ठरावीक डिव्हाइसनाच परवानगी द्यायची मॅक फिल्टर नावाची सोयही तशीच, कारण डिव्हाइसची ती ओळख हवेतून उघडी जाते आणि तिची नक्कल करणं सोपं आहे, त्यात आताचे फोन स्वतःची ओळख मुद्दाम बदलती ठेवतात त्यामुळे त्रास होतो तो घरच्यांनाच. यात वेळ घालवू नका, तो वेळ ॲडमिन पासवर्डला द्या.

नाव बदलायचं मात्र जरूर. राऊटरची कंपनी आणि मॉडेल सांगणारं नाव नको, आडनाव किंवा फ्लॅट नंबरही नको. डब्ल्यूपीए२ मधे गुप्त किल्ली बनवताना नेटवर्कचं नावही मिसळलं जातं, त्यामुळे लाखो ठिकाणी असलेल्या कंपनीच्या नावांसाठी लोकांनी नेहमीच्या पासवर्डांच्या किल्ल्यांची आधीच तयार कोष्टकं करून ठेवलीत, वेगळ्या नावाला ती लागू पडत नाहीत.

माझ्याकडे चोरण्यासारखं आहेच काय?

हा सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप. आणि बँकेच्या साइटला कुलूपाचं चिन्ह असतं, मग राऊटर कसाही असला तरी काय, असंही त्याला जोडून येतं. यात तथ्य आहे, हल्ली बहुतेक साइट आणि ॲप स्वतःचं एनक्रिप्शन वापरतात, राऊटर ताब्यात घेणाऱ्याला तुमचा बँकेचा पासवर्ड सरळ वाचता येत नाही. पण कुठल्या साइटला कधी गेलात हे बरंचसं दिसतं, आणि चुकीच्या पत्त्यावर नेऊन हुबेहूब खोटं पान दाखवता येतं, तिथे ताकीद आली तरी घाईत 'पुढे जा' दाबणारे घरात एखाददोन असतातच.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. त्यांना तुमची माहिती नकोच असते. त्यांना तुमच्या नेटचा पत्ता, म्हणजे तो आयपी ॲड्रेस, हवा असतो. एखाद्या साध्या घरातून आलेली भेट कुठल्याही वेबसाइटला संशयास्पद वाटत नाही, म्हणून ताब्यात घेतलेल्या राऊटरमधून दुसऱ्यांचे व्यवहार पुढे पाठवले जातात आणि ती सोय चक्क भाड्याने विकली जाते. फसवणूक कोणी केली, धमकी कोणी पाठवली याचा माग काढत गेलं की नेट कनेक्शन ज्याच्या नावावर त्याचं दार लागतं. तुमच्याकडे चोरण्यासारखं काही नसलं तरी तुमचं नाव आहे.

पाहुणे, टीव्ही, कॅमेरे

बहुतेक राऊटरमधे गेस्ट नेटवर्क असतं. त्यावरच्या डिव्हाइसना इंटरनेट मिळतं पण घरातले बाकी डिव्हाइस दिसत नाहीत. ते फक्त पाहुण्यांसाठी ठेवू नका. वायफायचे बल्ब, प्लग, स्वस्तातले कॅमेरे, ज्यांना अपडेट कधी येतं कधी येत नाही, त्यांना तिथेच ठेवा, म्हणजे त्यातलं काही बिघडलं तरी ज्या लॅपटॉपवर तुमची कागदपत्रं आहेत तिथपर्यंत पोचत नाही. अडचण एकच, फोनवरून प्रिंट काढायचं किंवा टीव्हीवर व्हिडिओ टाकायचा असेल तर दोन्ही एकाच नेटवर्कवर लागतात, त्यामुळे प्रिंटर आणि टीव्ही सहसा मुख्य नेटवर्कवरच ठेवावे लागतात. चालेल.

यूपीएनपी म्हणून एक सेटिंग दिसेल. आतल्या कुठल्याही डिव्हाइसने मागितलं की बाहेरून आत यायची वाट ती आपोआप उघडून देते, तुम्हाला न विचारता. बंद करून बघा, ऑनलाइन गेम किंवा तसलं काही अडलं तरच परत चालू करा.

अपडेट आणि रीस्टार्ट

राऊटरच्या आतलं सॉफ्टवेअर म्हणजे फर्मवेअर. आपोआप अपडेटचा पर्याय असेल तर चालू करा, नसेल तर दोनतीन महिन्यांनी त्या पानावर जाऊन बघा. ऑक्टोबर २०१७ मधे मॅथी व्हॅनहूफ यांनी 'क्रॅक' नावाचा हल्ला जाहीर केला, तो डब्ल्यूपीए२ वरच होता, पासवर्ड कितीही चांगला असला तरी त्याने फरक पडत नव्हता, उपाय होता तो फक्त फोन-लॅपटॉप-राऊटरना अपडेट देणं.

मग २०१८ च्या मे महिन्यात 'व्हीपीएन फिल्टर' नावाचा व्हायरस उघड झाला, ५४ देशांत किमान ५ लाख डिव्हाइस, त्यात बहुतेक घरगुती आणि छोट्या ऑफिसचे राऊटर. तेव्हा एफबीआयने लोकांना राऊटर रीस्टार्ट करायला सांगितलं होतं. त्यामुळे त्याचे पुढचे भाग पुसले जात, पण पहिला भाग रीस्टार्टनंतरही टिकून राहायचा. तो काढायला रीसेट लागायचा. या दोन शब्दांत लोक नेहमी गल्लत करतात. रीस्टार्ट म्हणजे बंद करून चालू करणं, सेटिंग तशाच राहतात. रीसेट म्हणजे पाठीमागच्या बारीक भोकात टाचणी घालून बटण काही सेकंद दाबून धरणं, त्याने राऊटर कंपनीतून आला तसा होतो, पासवर्डसुद्धा स्टिकरवरचा परत येतो, आणि मग सगळं नव्याने करावं लागतं. शंका असेल तर रीसेट, लगेच अपडेट, लगेच नवीन ॲडमिन पासवर्ड, याच क्रमाने.

ठेवायचा कुठे

राऊटर घराच्या मधोमध, थोडा उंचावर, उघड्यावर ठेवावा. कपाटात, टीव्हीच्या मागे, लोखंडी वस्तूजवळ, मोठ्या आरशामागे किंवा माशांच्या टाकीपाशी नको, धातू आणि पाणी सिग्नल अडवतात. वायफायच्या नेहमीच्या दोन पट्ट्यांपैकी २.४ गिगाहर्ट्झ भिंतींमधून जास्त लांब पोचतं पण हळू असतं आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच लुडबुडतो, ५ गिगाहर्ट्झ वेगवान पण भिंतींना लवकर दमतं. २.४ वर शेजाऱ्यांच्या गर्दीमुळे नेट अडकत असेल तर चॅनल १, ६ किंवा ११ यातलाच मोकळा असेल तो घ्या, हे तीन एकमेकांवर चढत नाहीत, मधला एखादा घेतला तर दोन्हीकडचा त्रास होतो.

नेट कंपनीचाच राऊटर असेल तर

काही वेळा कंपनीने दिलेल्या राऊटरमधे अर्ध्या सेटिंग कुलूपबंद असतात. वायफायचं नाव, पासवर्ड आणि ॲडमिन पासवर्ड बदलता येतो का एवढं तरी बघा, नसेल तर कंपनीला फोन करून मागा, तुमच्या घरात बसवलेल्या वस्तूबद्दल विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तरीही नाही जमलं तर त्याच्या पुढे स्वतःचा राऊटर लावता येतो आणि कंपनीच्या राऊटरचं वायफाय बंद करून टाकता येतं.

नवीन राऊटर घेताना वेगाचे आकडे बघण्याआधी त्या मॉडेलला अपडेट किती वर्षं मिळणार हे कंपनीच्या साइटवर बघा. जुना पासवर्ड चांगला लांब असेल तर नव्यावरही तेच नाव आणि तोच पासवर्ड ठेवला तर चालतो, बहुतेक डिव्हाइस आपणहून जोडले जातात, एकेक करून बसावं लागत नाही. आणि जुना राऊटर कोणाला देण्याआधी किंवा भंगारात टाकण्याआधी त्याला रीसेट करा, कारण त्याच्या मेमरीत तुमचा वायफायचा पासवर्ड आणि नेट कनेक्शनचा लॉगिन दोन्ही असतात.